बेस ॲम्प आणि कॅबिनेट जुळवताना: आधी ओहम, मग वॅट

बेस गिटारसाठी हेड (नुसता ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरचा बॉक्स) वेगवेगळं घेणाऱ्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात, आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ सुरू होतो. पहिला ओहमचा: हा लोड, म्हणजे कॅबिनेटचा विजेला होणारा अडथळा, या ॲम्पला चालेल का? दुसरा वॅटचा: एवढी पॉवर या कॅबिनेटला झेपेल का? पहिला चुकला तर ॲम्प जातो, दुसरा चुकला तर स्पीकर. विकत घेताना बहुतेकांची नजर आधी वॅटच्या आकड्यावर जाते. सुरुवात मात्र ओहमपासूनच करायची, कारण ओहम ठरल्याशिवाय ॲम्प नक्की किती वॅट देणार हेच ठरत नाही.

हेडची मागची बाजू वाचा. स्पीकरच्या सॉकेटजवळ ‘मिनिमम लोड ४ ओहम’ किंवा ‘५०० वॅट, ४ ओहम’ असं छापलेलं असतं. हा किमान आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा. जोडलेल्या सगळ्या कॅबिनेटांचा मिळून लोड त्याच्याइतका किंवा त्याहून जास्त हवा, कमी कधीच नको. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, कारण एरवी आकडा कमी म्हणजे काम हलकं. इथे ओहम जितके कमी तितकं ॲम्पवरचं ओझं जास्त.

का, ते शाळेतल्या ओहमच्या नियमातच आहे. ४ ओहमला ५०० वॅट देणारा ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास डी (हलका, स्विचिंगवर चालणारा) ॲम्प पूर्ण जोरात असताना साधारण ४५ व्होल्ट काढतो आणि ११ अँपिअर करंट सोडतो. त्याच ॲम्पला ८ ओहमचं कॅबिनेट लावलं की व्होल्ट जवळपास तेवढेच राहतात, करंट साडेपाच अँपिअरवर येतो आणि पॉवर २५० वॅटच्या आसपास. आता त्यालाच २ ओहमचा लोड द्या: ॲम्प २२ अँपिअर सोडायला बघणार. तेवढ्यासाठी ना त्याचा पॉवर सप्लाय बनवलेला असतो ना आउटपुटचे ट्रान्झिस्टर. चांगला ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जाऊन गाण्याच्या मध्येच गप्प होतो. प्रोटेक्शन कच्चं असेल तर फ्यूज उडतो, नाहीतर आउटपुट स्टेज जळते. हळू आवाजात कदाचित तासभर काही होणार नाही, आणि इथेच माणूस फसतो. घरी सरावाला चाललं म्हणून तीच जोडणी स्टेजवर नेतो आणि पहिल्या जोरदार गाण्याला ॲम्प बसतो.

उलट दिशेला, म्हणजे जास्त ओहमकडे, ट्रान्झिस्टर ॲम्पला काहीच धोका नाही. फक्त पॉवर कमी मिळते, आणि तो तोटाही वाटतो तेवढा मोठा नसतो. मार्कबासचं लिटल मार्क ३ हे हेड ४ ओहमला ५०० वॅट आणि ८ ओहमला ३०० वॅट देतं. कागदावर २०० वॅट गेले, पण कानाला हा फरक साधारण २ डेसिबलचा आहे. पॉवर दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. तेव्हा एकच ८ ओहमचं कॅबिनेट लावलं म्हणून ॲम्प वाया गेला असं समजू नका.

दोन कॅबिनेट लावली की काय होतं

बहुतेक कॅबिनेटांच्या मागे दोन सॉकेट असतात. ॲम्पची केबल एकात येते, दुसऱ्यातून पुढच्या कॅबिनेटला जाते. एकामागून एक जोडलेलं दिसतं म्हणून अनेकांना ही एकसर जोडणी वाटते आणि ते ओहमची बेरीज करून मोकळे होतात. ती एकसर नाही. ती दोन्ही सॉकेटं आत समांतर जोडलेली असतात. हेडच्या मागे दोन स्पीकर आउट असतील तर तीही बहुधा समांतरच. म्हणजे दोन्ही कॅबिनेट थेट हेडला लावा नाहीतर एकातून दुसऱ्यात न्या, लोड तोच.

समांतर जोडणीत सारखे ओहम असतील तर एकाच्या आकड्याला कॅबिनेटांच्या संख्येने भागायचं: ८ ची दोन म्हणजे ४, ८ ची तीन म्हणजे २.६७, ४ ची दोन म्हणजे २, १६ ची दोन म्हणजे ८. ओहम वेगळे असतील तर गुणाकाराला बेरजेने भागायचं. ८ आणि ४ घ्या: ३२ भागिले १२, म्हणजे २.६७. एवढं पाठ असलं की पुरे.

त्यातून खरेदीचा सल्ला आपोआप निघतो. ४ ओहम किमान असलेल्या हेडसाठी पहिलं कॅबिनेट ८ ओहमचंच घ्या. पुढे मागे दुसरं ८ ओहमचं जोडलं की ४ ओहम होतात आणि ॲम्प पूर्ण वापरला जातो. आज जास्त वॅट मिळावेत म्हणून ४ ओहमचं घेतलं, तर ते हेड त्या एकाच कॅबिनेटवर संपलं. दुसरं काहीही जोडा, लोड रेषेखाली जातो. ४ ओहमचं कॅबिनेट त्यानेच घ्यावं ज्याला एकच बॉक्स उचलायचा आहे आणि हे कायमचं ठरलेलं आहे. काही हेड २.६७ किंवा २ ओहमपर्यंत चालतात, पण ते पाटीवर किंवा माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

दुसरं सारखंच कॅबिनेट जोडण्याचा फायदा वॅटपेक्षा मोठा आहे. दुप्पट कोन (स्पीकरचे हलणारे पडदे) हवा ढकलायला लागतात आणि कॅबिनेट शेजारी किंवा एकावर एक असतील तर खालच्या सुरांना त्यानेच ३ डेसिबल मिळतात. वर ॲम्पची वाढलेली पॉवर धरून एकूण ५ ते ६ डेसिबल होतात. नुसतं हेड बदलून एवढं मिळवायचं तर साडेतीन-चारपट वॅटचं हेड लागेल.

कॉम्बोमध्ये, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच बॉक्समध्ये असतात तिथे, एक सापळा आहे. फेंडर रंबल ५०० मध्ये आतले दोन १० इंची स्पीकर मिळून ८ ओहम आहेत. तेवढ्यावर तो ३५० वॅट देतो, बाहेर आणखी ८ ओहमचं कॅबिनेट जोडलं की पूर्ण ५००. बाहेर ४ ओहमचं लावलं तर? आतले ८ त्याच्याशी समांतर आहेतच, लोड २.६७ झाला. ‘माझ्या ॲम्पवर ४ ओहम लिहिलंय आणि कॅबिनेटही ४ चं आहे’ हा हिशेब इथे चुकतो, कारण आतला स्पीकर मोजलाच नाही. काही कॉम्बोंमध्ये बाहेरचा जॅक लावला की आतला स्पीकर आपोआप बंद होतो, काहींमध्ये होत नाही. पुस्तिका बघितल्याशिवाय जोडू नका.

पीएचा (हॉलच्या ध्वनियंत्रणेचा) पॉवर ॲम्प प्रीॲम्पसोबत वापरत असाल तर ब्रिज मोडकडे, म्हणजे दोन चॅनेल जोडून एक करण्याकडे, लक्ष हवं. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला लोडच्या निम्मे ओहम दिसतात. ८ ओहमचं कॅबिनेट म्हणजे चॅनेलला ४, ४ ओहमचं म्हणजे २.

पाटी नसेल तर ओहम मोजा

भाड्याने आलेल्या किंवा जुन्या कॅबिनेटची पाटी पुसलेली असते, किंवा आतले स्पीकर कोणीतरी बदललेले असतात आणि पाटी जुनीच असते. साध्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत खात्री होते.

ॲम्पपासून कॅबिनेट पूर्ण सोडवा. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटर काय दाखवतो ते बघा, ०.३ किंवा ०.४ असा आकडा येतो, तो नंतर वजा करायचा. मग स्पीकरची केबल कॅबिनेटला लावून तिच्या मोकळ्या टोकावर मोजा. जॅक असेल तर टोक आणि दांडा, स्पीकॉन (फिरवून अडकणारा स्पीकरचा प्लग) असेल तर १ प्लस आणि १ मायनस.

मीटरचा आकडा पाटीपेक्षा कमी येतो आणि ते बरोबर आहे. मीटर डीसी रोध दाखवतो, इम्पिडन्स (सुरानुसार बदलणारा अडथळा) नाही. ८ ओहमचं कॅबिनेट साधारण साडेपाच ते सात दाखवतं, ४ चं तीन ते साडेतीन, १६ चं अकरा ते तेरा. ‘मीटरवर ६ आले म्हणजे हे ६ ओहमचं कॅबिनेट’ असं नव्हे. पाटीवरचे ८ हेही ढोबळच असतात: रेझोनन्सच्या (स्पीकर आपोआप जास्त थरथरतो त्या सुराच्या) आसपास खऱ्या इम्पिडन्सचा आकडा ३०-४० च्या पुढे जातो, वरच्या सुरांकडे तो पुन्हा चढतो. ८ हा उत्पादकाने ॲम्प निवडण्यासाठी दिलेला कामाचा आकडा. मोजताना स्पीकर थंड हवा; वाजवून तापलेली कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) जास्त रोध दाखवते. ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मीटरला दिसत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो.

ट्यूब ॲम्पचं गणित वेगळं

वरचं सगळं ट्रान्झिस्टर आणि क्लास डी ॲम्पसाठी. ट्यूब ॲम्पमध्ये ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला २, ४, ८ असे टॅप काढलेले असतात. प्रत्येक टॅपवर पॉवर तीच मिळते, म्हणून ‘ओहम कमी, वॅट जास्त’ हा हिशेब इथे लागू नाही. इथे टॅप लोडशी तंतोतंत जुळवायचा. लोड ४ चा तर स्विच ४ वर.

ॲम्पेगचं एसव्हीटी याचं नमुनेदार उदाहरण. १९६९ मध्ये आलेलं हे हेड ३०० वॅटचं, आणि सोबतचं कॅबिनेट आठ १० इंची स्पीकरांचं, सीलबंद. ८१०ई या आवृत्तीत प्रत्येक स्पीकर ३२ ओहमचा आहे. आठही समांतर जोडले की ३२ भागिले ८, म्हणजे ४ ओहम. अशी दोन कॅबिनेट लावली तर २ ओहम होतात, आणि म्हणूनच एसव्हीटी-सीएलच्या मागे २ आणि ४ चा स्विच दिसतो. एक कॅबिनेट काढून ठेवलं आणि स्विच २ वरच राहिला, ही इथली नेहमीची चूक.

दुसरी चूक याहून महाग: स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालू करून वाजवणं. ट्रान्झिस्टर ॲम्पला मोकळं आउटपुट चालतं. ट्यूब ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा बाहेर जायला वाट नसेल तर आत हजारो व्होल्टचे झटके उठतात. ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन फुटतं. ट्यूब ॲम्पची स्पीकर केबल स्टँडबाय सोडण्याआधी हाताने ओढून बघावी, दर वेळी.

आता वॅट

पाटीवर तीन प्रकारचे आकडे दिसतात: आरएमएस किंवा सतत, प्रोग्रॅम आणि पीक. प्रोग्रॅम सहसा आरएमएसच्या दुप्पट आणि पीक चौपट लिहितात. ४०० वॅट आरएमएसचं कॅबिनेट म्हणूनच जाहिरातीत १६०० वॅटचं होऊ शकतं. तुलना करताना दोन्ही बाजूंना आरएमएसच धरा, आणि ॲम्पचा आकडा तुमच्या कॅबिनेटच्या ओहमला मिळणारा धरा. ४ ओहमला ५०० देणारं हेड ८ ओहमच्या एका कॅबिनेटसमोर ३०० वॅटचंच हेड आहे.

नियम साधा ठेवता येतो: ॲम्पचे त्या ओहमचे वॅट कॅबिनेटच्या आरएमएसच्या जवळपास असावेत. थोडे कमी असले तरी बिघडत नाही. दीडपटही चालतात, पण वाजवणाऱ्याचा कान शाबूत असेल आणि हात ताब्यात असेल तर. दुप्पट ॲम्प लावायची पीएवाल्यांची पद्धत बेससाठी मला पटत नाही, आणि त्याचं कारण स्पीकर दोन वेगळ्या तऱ्हांनी मरतो यात आहे.

पहिली तऱ्हा उष्णतेची. स्पीकरला दिलेल्या पॉवरचे जेमतेम काही टक्के आवाज होतात, बाकी सगळी व्हॉइस कॉइलमध्ये उष्णता. पाटीवरचा आरएमएस आकडा ही उष्णता किती झेपते तेच सांगतो. कॉइल २०० अंशांपर्यंत तापली की तिचा रोध खोलीच्या तापमानाच्या तुलनेत जवळपास १.७ पट होतो. मग ॲम्प आधीपेक्षा कमी पॉवर ढकलू शकतो आणि आवाज दमल्यासारखा येतो. दोन तास वाजवल्यावर बेस मागे पडल्यासारखा वाटतो त्याचं एक कारण हे. अशा वेळी व्हॉल्यूम वाढवणं म्हणजे तापलेल्या कॉइलला आणखी तापवणं. त्यानंतरचा टप्पा जळकट वासाचा.

दुसरी तऱ्हा कोनाच्या हालचालीची, आणि बेसवाल्यांचे स्पीकर बहुधा हिनेच जातात. तोच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं. चार तारांच्या बेसचा खुला ई ४१ हर्ट्झचा, पाच तारांच्या बेसचा खालचा बी ३१ हर्ट्झचा. एवढ्या खाली अनेक कॅबिनेटांचा कोन पाटीवरच्या वॅटच्या बऱ्याच आधी हालचालीची मर्यादा गाठतो. ४०० वॅटचा स्पीकर ३५ हर्ट्झला दीड-दोनशे वॅटलाच ‘फड’ असा आवाज काढू शकतो. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये हे जास्त घातक: पोर्ट ज्या सुराला ट्यून केलेला असतो त्याच्या खाली कोनाला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट हलतो. कॉइल आतल्या लोखंडावर आपटते. त्याचा ‘टक’ असा कोरडा आवाज एकदा ओळखायला शिकलात की स्पीकर वाचवता येतो. तो ऐकू आला की त्याच क्षणी हात हलका करा आणि बेसचा नॉब खाली आणा.

इक्वलायझर या गणितात कोणी धरत नाही. बेसचा नॉब ६ डेसिबल वर केला म्हणजे त्या पट्ट्यात चौपट पॉवर मागितली, १२ डेसिबल म्हणजे सोळापट. ५० वॅटवर आरामात चाललेलं वाजवणं नॉब पूर्ण फिरवल्यावर ८०० वॅट मागू लागतं. ॲम्पकडे तेवढे नसतात, तो क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं छाटली जाऊन आवाज फाटतो. असले तर कोन आपटतो. ३५ हर्ट्झच्या आसपासचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) हा यावरचा उत्तम उपाय. काही हेडमध्ये तो आतच असतो, नसेल तर छोट्या पेडलच्या रूपात मिळतो. दुसऱ्या मोठ्या हेडवर पैसे घालण्याआधी हा फिल्टर घ्या.

‘लहान ॲम्पने मोठा स्पीकर जळतो’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. १०० वॅटच्या ॲम्पने ४०० वॅटचं कॅबिनेट नुसतं कमी पॉवर मिळाल्यामुळे जळत नाही; तसं असतं तर हळू आवाजात वाजवणं हाच धोका ठरला असता. खरी गोष्ट अशी: पूर्ण क्लिप झालेल्या ॲम्पची लाट चौकोनी होते, आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत साध्या लाटेच्या दुप्पट पॉवर असते. १०० चा ॲम्प चिरडून वाजवला तर २०० च्या जवळ जातो. ४०० च्या वूफरला (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरला) तेही चालतं, पण क्लिपिंगमुळे वरच्या सुरांचा मारा वाढतो आणि ट्विटर जातो. ४०० वॅटचं कॅबिनेट असलं तरी त्यातला ट्विटर थोड्याच वॅटचा असतो. ॲम्प लहान आहे आणि डिस्टॉर्शन लागतंच, तर कॅबिनेटमागचा ट्विटरचा नॉब खाली करा.

आवाज किती मिळेल याचा आणखी एक आकडा पाटीवर किंवा पुस्तिकेत असतो आणि वाचला जात नाही: सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. १०० डेसिबलचं कॅबिनेट १०० वॅटवर जेवढं वाजतं तेवढं वाजायला ९४ डेसिबलच्या कॅबिनेटला ४०० वॅट लागतात. नवं हेड घेण्याआधी हा आकडा बघा. पुष्कळदा कॅबिनेट बदलणं जास्त फळतं.

दोन वेगवेगळी कॅबिनेट

४×१० (चार १० इंची स्पीकर) आणि १×१५ ही जोडी स्टेजवर नेहमी दिसते. दोन्ही ८ ओहमची असतील तर पॉवर समसमान वाटली जाते. समजा ४×१० ची क्षमता ७०० वॅट आणि १×१५ ची ३००. बेरीज १००० दिसते, पण ॲम्पने ८०० दिले की १५ इंचीला ४०० जातात आणि तो आधी मरतो. या जोडीची खरी क्षमता ६००: कमजोर कॅबिनेटच्या दुप्पट. आणि बघा, त्या एकट्या १५ इंचीला निम्मी पॉवर मिळते, तर प्रत्येक १० इंचीला एक अष्टमांश.

ओहम वेगळे असतील तर कमी ओहमचं कॅबिनेट जास्त ओढतं. ४ आणि ८ च्या जोडीत ४ ला दोन तृतीयांश, ८ ला एक तृतीयांश. शक्य असेल तर एकाच मॉडेलची दोन कॅबिनेट घ्या. वेगळ्या कंपन्यांच्या कॅबिनेटांचे सूर काही ठिकाणी एकमेकांना कापतात, आणि नेमका कुठला सूर गायब होईल हे आधी सांगता येत नाही.

हॉलमधला साउंडवाला ‘आमचा मॉनिटर घ्या’ म्हणाला तर आधी विचारा, तो पॅसिव्ह आहे की पॉवर्ड (आतच ॲम्प असलेला). पॅसिव्ह मॉनिटर अनेकदा ८ ओहमचा असतो आणि मध्यम आवाजात निभावून जातो. पॉवर्ड मॉनिटरच्या इनपुटमध्ये हेडचं स्पीकर आउट कधीही घालायचं नाही. तिथे डीआय आउट (हेडमधून मिक्सरला जाणारा हलका सिग्नल) जोडा. गिटारचं ४×१२ कॅबिनेट १६ ओहमचं असलं तरी ॲम्पला अडचण नाही, पण २५-३० वॅटच्या त्या स्पीकरांचा कोन बेसच्या हालचालीसाठी बनवलेला नसतो. सरावाला हळू आवाजात, तेवढंच.

केबल आणि पोलॅरिटी

गिटारची केबल आणि स्पीकरची केबल, जॅक एकसारखा असला तरी वस्तू दोन आहेत. गिटारच्या केबलमध्ये केसासारखी बारीक तार मध्ये आणि भोवती शील्ड असते. तिच्यातून ११ अँपिअर न्यायला गेलात तर ती तापते, वितळते आणि आत शॉर्ट होते, आणि तो शॉर्ट थेट ॲम्पच्या आउटपुटवर. स्पीकरच्या केबलला दोन सारख्या जाड तारा असतात. तीन मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर पुरते, त्यापुढे २.५ ची घ्या. १० मीटर लांब २.५ च्या केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.१४ ओहम होतो, म्हणजे ४ ओहमच्या लोडसमोर नगण्य. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही तार मीटरवर मिळते, स्पीकॉनही सुटे मिळतात. स्क्रूच्या स्पीकॉनला सोल्डरचीही गरज नाही. १ प्लसला लाल, १ मायनसला काळी, दोन्ही टोकांना सारखीच.

जिथे पर्याय असेल तिथे जॅकपेक्षा स्पीकॉन वापरा. तो फिरवून अडकतो, पायाने ओढला गेला तरी सुटत नाही आणि लावताना-काढताना शॉर्ट होत नाही. दोन पोलचा प्लग चार पोलच्या सॉकेटमध्ये बसतो, चार पोलचा दोनच्या सॉकेटमध्ये बसत नाही. भाड्याच्या सामानासोबत निघताना हे बघून केबल घ्या. क्लास डी हेडबद्दल आणखी एक: अनेकांमध्ये आउटपुटच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, ‘मायनस’ म्हणजे ग्राउंड नव्हे. ती तार कुठेही ग्राउंडला किंवा धातूला टेकू देऊ नका.

दोन कॅबिनेट लावूनही बेस एकट्यापेक्षा पातळ वाटत असेल तर पोलॅरिटी उलटी आहे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, केबलच्या मोकळ्या टोकाला क्षणभर टेकवा: सेलचा प्लस १ प्लसला किंवा जॅकच्या टोकाला. कोन बाहेर सरकला पाहिजे. एका कॅबिनेटचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला तर दोघं एकमेकांचा आवाज खातात. एकाच कॅबिनेटमध्ये बदललेला एखादा स्पीकर उलटा लागलेला असणं हेही सर्रास घडतं, म्हणून जाळीतून प्रत्येक कोन बघा. जुन्या जेबीएल स्पीकरांची पोलॅरिटी मुळातच उलटी होती. तिथे लाल रंगावर विसंबू नका.

चालू करताना, आणि बिघडलं तर

मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) शून्यावर. आधी कॅबिनेटची केबल, मग इन्स्ट्रुमेंटची, मग मेन स्विच. इक्वलायझर सगळा मध्यावर ठेवून सर्वांत जोरात वाजवायचा भाग वाजवा आणि क्लिपचा दिवा अधूनमधून लुकलुकेल इतकाच गेन (इनपुटचा नॉब) ठेवा. मग मास्टर वर न्या. खुला ई धरून कोनाकडे बघा, हालचाल डोळ्यांना धूसर दिसेपर्यंत ठीक, पण ‘टक’ नको. समुद्राजवळच्या जागी, कोकण-गोव्यात, जॅकचे संपर्क गंजतात. वाजवताना आवाज येत-जात असेल तर ॲम्पला दोष देण्याआधी प्लग चार-पाच वेळा आत-बाहेर करा, अर्थात ॲम्प बंद ठेवून.

हेड वारंवार प्रोटेक्शनमध्ये जात असेल तर कॅबिनेट सोडवून ते एकटं चालू करून बघा (ट्यूब ॲम्पला हे करायचं नाही). एकटं नीट राहिलं तर दोष केबलमध्ये किंवा लोडमध्ये. केबल मोजा, कॅबिनेट मोजा.

८ ओहमच्या ४×१० मध्ये एक स्पीकर उघडा पडला, म्हणजे त्याची कॉइल तुटली, तर मीटरच सांगतो आतली जोडणी कशी आहे. दोन-दोन एकसर करून त्या जोड्या समांतर असतील तर मेलेल्याचा जोडीदारही गप्प होतो, लोड १६ ओहम होतो आणि मीटर बाराच्या आसपास दाखवतो. आवाज पडतो, पण उरलेल्या दोघांना जादा ताण नसतो. कार्यक्रम पुरा करता येतो. जोड्या समांतर आणि मग एकसर असतील तर तिघं वाजत राहतात, लोड १२ होतो आणि मीटर नऊच्या आसपास. इथे मात्र मेलेल्याच्या शेजारच्याला एकूण व्होल्टेजच्या दोन तृतीयांश वाटा मिळतो, आधी निम्मा होता. त्याच्यावरची पॉवर पावणेदोनपटीच्या वर जाते. असं मोजून सापडलं तर व्हॉल्यूम निम्म्यावर आणा, बाकीचं डीआयमधून पीएला सोडा आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओहमचा स्पीकर बसवा, आधी जुन्याच्या पाठीवरचा आकडा वाचून.